पडावं तर यो-योसारखं

पडणाऱ्या वस्तूंत तशी फारशी विविधता नसते. सफरचंद घ्या, नारळ घ्या, हातातून निसटलेला मोबाइल घ्या. एकदा सुटलं की दर सेकंदाला वेगात ९.८ मीटरची भर पडत जाते, जमीन येते आणि विषय संपतो. मोबाइलच्या बाबतीत विषय तिथून सुरू होतो, पण तो भौतिकशास्त्राचा नव्हे, ईएमआयचा.

या सगळ्या मंडळींत यो-यो तेवढा निराळा. पडतो तोही. गुरुत्वाकर्षण त्याला कसलीही सवलत देत नाही. पण पडण्याची त्याला अजिबात घाई नसते, आणि पडून झाल्यावर तो परत वर येतो, जे नारळाने आजवर एकदाही केलेलं नाही.

दोन तबकड्या, त्यांना जोडणारी पेन्सिलीएवढी जाड दांडी आणि दांडीभोवती गुंडाळलेली मीटरभर दोरी, एवढाच सगळा ऐवज. दोरीचं टोक बोटात अडकवायचं आणि सोडून द्यायचं. आता खाली जायचं तर दोरी उलगडायला हवी, आणि दोरी उलगडायची तर स्वतःभोवती फिरायला हवं. फिरल्याशिवाय यो-योला एक मिलिमीटरही पडता येत नाही. आपल्याकडे पाहुणा निघतो, तसा तो निघतो. आठ वाजता पाहुणा ‘बराय, येतो’ म्हणून सोफ्यावरून उठतो. चपलांपाशी जाऊन वळतो, कारण भाच्याच्या स्थळाचं सांगायचं राहिलेलं असतं. दारात वळतो, कारण लोणच्याची बरणी परत द्यायची असते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर वळतो, दुसऱ्या पायरीवर वळतो, आणि फाटकाशी पोचतो तेव्हा सव्वानऊ झालेले असतात. सोफ्यापासून फाटक वीस पावलांवर. सगळा दम गेला तो वळण्यात. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं रे टाकलं की छत्री राहिली म्हणून स्वारी पुन्हा वर.

यो-योच्या बाबतीत हा दम नेमका किती आणि कुठे गेला, हे मोजता येतं. पाहुण्याचं तसं नाही.

समजा, यो-योचा व्यास ५६ मिलिमीटर, दांडीचा ६ मिलिमीटर आणि दोरी इतकी बारीक की तिची जाडी सोडून द्यावी. हा यो-यो मीटरभर खाली आला की त्याला जी ऊर्जा मिळते, तिच्या शंभर भागांपैकी जवळजवळ अठ्ठ्याण्णव भाग फिरण्यात जातात. खाली जाण्याच्या वाट्याला उरतात जेमतेम दोन. म्हणून त्याचं त्वरण साध्या दगडाच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याएवढाच. दगड एक मीटर पडायला अर्धा सेकंदही घेत नाही. हा तीन सेकंद घेतो. दगड खाली पोचतो ताशी सोळा किलोमीटरच्या वेगाने. हा पोचतो ताशी अडीच किलोमीटरही नसलेल्या वेगाने, पण स्वतःभोवती मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेत. दोघांनाही गुरुत्वाकर्षणाने ऊर्जा दिली ती किलोमागे अगदी सारखी. दगडाने ती नाकासमोर उधळली, यो-योने गिरक्या घेण्यात.

वजनाचा यात काडीचाही संबंध नाही. पन्नास ग्रॅमचा यो-यो असो की त्याच आकाराचा पाच किलोचा, खाली यायला वेळ तेवढाच. फरक पडतो तो तबकडीची त्रिज्या दांडीच्या त्रिज्येच्या किती पट आहे याने, आणि तोही पटीच्या वर्गाने. दांडी निम्म्याने बारीक केली की आळस जवळपास चौपट. शिवाय सगळं वजन मधोमध न ठेवता कडेला नेलं की आळस आणखी वाढतो. यालाच पुस्तकात मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, आणि त्याने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची मे महिन्याची सुट्टी नासवलेली आहे. गोल आंगठी, भरीव तबकडी, पोकळ गोळा, भरीव गोळा अशी सूत्रांची एक माळ असते. ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पर्यवेक्षकांच्या देखत गळून पडते.

माझी भाची यंदा बारावीला आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे रोटेशनल डायनॅमिक्स. तिने कपाटातून दोन जुन्या सीडी काढल्या. ताईच्या लग्नाच्या, भाग एक आणि भाग दोन. घरात आता सीडी लावायला यंत्रच नसल्याने हा गुन्हा उघडकीला येण्याची शक्यता कमी. दोन्ही सीडी एकमेकींना चिकटवल्या, मधलं भोक बुचाने बुजवलं, बुचातून आरपार पेन्सिल घातली, पेन्सिलीच्या दोन्ही टोकांना शिवणाचा दोरा बांधला आणि दोऱ्यांची वरची टोकं बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला. मग दोन्ही बाजूंनी दोरा सारखा गुंडाळून हे विवाहचक्र तिने सोडलं. एक मीटर खाली यायला त्याने चांगले पाचेक सेकंद घेतले. उन्हात सीडीवरची इंद्रधनुष्यं आधी सुटी सुटी दिसत होती, मग त्यांची एक अखंड रंगीत कडी झाली. तळाशी येऊन ते किंचित दचकलं आणि त्याच दिशेने फिरत फिरत, दोरा आता पेन्सिलीच्या दुसऱ्या अंगाला गुंडाळत, सावकाश वर चढू लागलं.

मग तिने दोरे सोडवून माझ्या दोन्ही हातांत दिले. “मामा, डोळे मीट आणि सांग. खाली येताना जड लागतं की वर जाताना?”

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, “वर जाताना. त्यात काय विचारायचं? चार जिने चढून भाजी आण, मग कळेल.”

यो-योला मात्र भाजी आणावी लागत नाही. खाली येताना तो हाताला थोडा हलका लागतो आणि वर जाताना पण तितकाच हलका लागतो. खाली येताना का, हे पटतं: पडणारी वस्तू आपला सगळा भार दोरीवर टाकत नाही. पण वर जाताना तरी काय चाललेलं असतं? वेग कमी कमी होत असतो. वर जाणाऱ्याचा वेग कमी होणं आणि खाली येणाऱ्याचा वाढणं हा न्यूटनच्या हिशेबात एकच प्रकार. त्वरण दोन्ही वेळा खालच्याच दिशेला. म्हणजे मघाच्या त्या ५६ मिलिमीटरवाल्या यो-योने तीन सेकंद खाली येताना आणि तीन सेकंद वर जाताना, असे सहा सेकंद आपल्या वजनाचे शंभरातले दोन-एक भाग हाताला दिलेलेच नसतात.

ही थकबाकी तो चुकती करतो तळाला. दोरी संपते, पण फिरणं संपलेलं नसतं. दांडी दोरीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला जाते, आणि त्या अर्ध्या फेऱ्यात खाली जाणारा यो-यो वर जाणारा होतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या हिशेबाने अर्धा फेरा म्हणजे सेकंदाचा सत्तरावा भाग. सहा सेकंदांचं सगळं देणं एवढ्या वेळात फेडायचं, म्हणून दोरी बोटाला एकदम वजनाच्या दहापट ओढते. यो-यो खेळणाऱ्याच्या मधल्या बोटावर जो लालसर वळ उठतो, तो या फेडीचा. गणित पै-पैला जुळतं. मी ते भाचीला कागदावर मांडून दाखवायला घेतलं होतं, तेवढ्यात ताई बाहेर आली, तिने ते गरगरणारं चाक पाहिलं (सुदैवाने कशाचं आहे ते पाहिलं नाही) आणि म्हणाली, “ते फिरवणं आता बंद. आत जा आणि रोटेशनचा धडा घे.”

भाची आत गेली.

पुस्तकातल्या यो-योची दोरी बारीक असते, बाजारातल्या यो-योची नसते, आणि इथे गोष्ट आणखी मजेची होते. जाड दोरी गुंडाळली की दांडी जाडजूड होऊन बसते. म्हणजे सुरुवातीला यो-यो जाड दांडीवाला असतो, म्हणून बऱ्यापैकी भराभर पडतो. जसजशी दोरी सुटते तसतशी दांडी बारीक होते, आणि बारीक दांडी म्हणजे जास्त आळस. साधारण निम्मी दोरी उलगडेपर्यंत वेग वाढतो, आणि नंतर, म्हणजे पडत असतानाच, तो चक्क कमी व्हायला लागतो! फिरणं मात्र वाढतच जातं. खाली पोचता पोचता ज्याचा पडण्याचा वेग कमी होतो, अशी वस्तू पॅराशूट न बांधता मला तरी दुसरी आठवत नाही.

आता परत येण्याविषयी. यो-यो आपणहून परत येतो, असा त्याचा लौकिक आहे, पण तो थोडा वाढवून सांगितलेला. नुसता सोडलात तर दोरीचं घर्षण आणि तळाचा तो हिसका मिळून काही ऊर्जा खाऊन टाकतात, आणि तो हातापर्यंत न येता वीतभर खालीच थकतो. पुढच्या खेपेला आणखी खाली. तो हातात येतो कारण खेळणारा तळाच्या त्या क्षणी मनगटाने हळूच वर ओढतो. बघणाऱ्याला हे दिसत नाही, आणि खेळणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

भोवरा याचा चुलतभाऊ. त्यालाही जाळी गुंडाळायची, त्यानेही उलगडत फिरायचं. पण भोवऱ्याचा खाक्या असा की जाळी सुटली, संबंध संपला. जाळी पोराच्या हातात लोंबकळत राहते आणि भोवरा आर टेकवून दूर कुठेतरी स्वतःत रममाण. यो-योने दोरी कधी सोडली नाही. निदान अमेरिकेत तरी १९२८पर्यंत नाही.

त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात पेद्रो फ्लोरेस या फिलिपिन्सहून आलेल्या माणसाने यो-यो बनवायचा कारखाना काढला. त्याआधी तो हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा. म्हणजे जाणारे-येणारे त्याने भरपूर पाहिलेले. त्याच्या यो-योची दोरी दांडीला गाठ मारून बांधलेली नव्हती. दुप्पट लांबीचा दोरा मधोमध दुमडून पीळ द्यायचा आणि दुमडीच्या जागी जो फास तयार होतो त्यात दांडी अडकवायची. एवढ्याने काय झालं, तर तळाला पोचल्यावर यो-यो त्या फासात जागच्या जागी फिरत राहू शकला. वर चढायची सक्ती उरली नाही. खेळाडू याला यो-यो झोपला म्हणतात. झोपेत मिनिटाला काही हजार फेरे चालू असतात आणि त्या फेऱ्यांच्याच जोरावर तो एका अंगाला कलंडत नाही. मग हाताने दोरीला जरासा हिसका दिला की दोरी क्षणभर सैल पडते, फास दांडीला पकडतो आणि झोपमोड झालेला यो-यो गुपचूप वर येतो. हे तंत्र फिलिपिन्समध्ये जुनंच होतं, अमेरिकेने ते पहिल्यांदा पाहिलं. लवकरच डोनाल्ड डंकन नावाच्या हुशार व्यापाऱ्याने फ्लोरेसचा धंदा विकत घेतला आणि अख्ख्या अमेरिकेच्या बोटाला वळ उठवले. पुढे १९६५ साली तिथल्या न्यायालयाने सांगितलं की ‘यो-यो’ या नावावर कुणा एकाची मालकी नाही, आणि त्याच वर्षी डंकनच्या कंपनीचं दिवाळं निघालं. चढउताराच्या धंद्यात हे चालायचंच.

खेळणं म्हणून त्याचं वय विचाराल तर बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४४०च्या सुमाराचा एक ग्रीक प्याला आहे, त्यावर एक मुलगा यो-यो खेळतो आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत उमरावांमध्ये याचं इतकं वेड होतं की देश सोडून पळणाऱ्या सरदारांवरून त्याचं नावच एमिग्रेत पडलं. ज्यांच्या मानेवर गिलोटिन टांगलेलं आहे त्यांनी खाली जाऊन वर येणारी वस्तू जिवाभावाची मानावी, हे समजण्यासारखं आहे. त्यातले काही नेपोलियनच्या अमलात परत आलेही.

एप्रिल १९८५मध्ये यो-यो डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेला. शाळकरी मुलांसाठी काही खेळणी सोबत नेली होती, त्यांत हा होता. (त्याच यानात एक अमेरिकन सिनेटरही होते. त्यांना कशासाठी नेलं होतं, याची चर्चा अजून चालते. यो-योला कशासाठी नेलं, याबद्दल मात्र मतभेद नाहीत.) डेव्हिड ग्रिग्ज या अंतराळवीराने तो चालवून पाहिला. तिथे पडणं हा प्रकारच नाही, म्हणून नुसता सोडला तर तो सोडला तिथेच राहतो. हलकेच ढकलला तर दोरीच्या टोकापर्यंत निवांत जाऊन तितक्याच निवांतपणे परत येतो. पण तिथे तो झोपत नाही. झोपायला दोरी ताणलेली राहावी लागते, आणि ती ताणून धरणारं वजनच तिथे जाणवत नाही.

अंतराळात त्याचं एक गंभीर कामही आहे. रॉकेटचा शेवटचा टप्पा स्थिर राहावा म्हणून कधी कधी यानासकट गरगर फिरवतात. नंतर ते फिरणं थांबवायचं कसं? दोन तारांच्या टोकांना दोन वजनं बांधून त्या यानाभोवती गुंडाळून ठेवायच्या आणि ऐन वेळी सोडून द्यायच्या. तारा उलगडत बाहेर फेकल्या जातात, फिरणं आपल्यासोबत घेऊन जातात आणि सुटून जातात. २००७ साली लघुग्रहांकडे निघालेल्या डॉन यानाला याच युक्तीने शांत केलं. बारा-बारा मीटरच्या तारा आणि टोकाला प्रत्येकी दीड किलोही न भरणारी वजनं. तेवढ्यांनी टनाहून जड यानाचं गरगरणं मिनिटाला सेहेचाळीस फेऱ्यांवरून तीनवर आणलं. अभियंते या व्यवस्थेला बिनदिक्कत यो-योच म्हणतात.

आपल्याकडे यो-योची मोठी साथ आली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, थंड पेयांच्या बाटल्यांच्या बुचांमागून. मुलं बुचं साठवायची आणि आईबाप बाटल्यांचे पैसे भरायचे. आता यो-यो म्हटलं की कुणाला एक गायक आठवतो, नाहीतर क्रिकेटपटूंची चाचणी. येन्स बँग्सबो या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने काढलेली ही चाचणी म्हणजे वीस मीटर पळत जायचं, वीस मीटर पळत यायचं, दहा सेकंद श्वास घ्यायचा आणि पुन्हा पळायचं, टप्प्याटप्प्याने आधीपेक्षा जोरात. भारतीय संघात यायला एके काळी १६.१ गुण लागत. यो-यो स्वतः यात नापास झाला असता. जोर वाढवत नेणं त्याच्या स्वभावात नाही.

सीडीचं चाक जप्त झाल्यावर भाचीसाठी खरा यो-यो घ्यावा म्हणून दादरला एका खेळण्यांच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात मखमलीवर अॅल्युमिनियमचे यो-यो मांडले होते, दागिन्यांसारखे. किंमत अडीच हजारांच्या पुढे. मालक उत्साहाने एक उघडून दाखवू लागले. वजन सगळं कडेला नेलेलं, दांडीवर बॉल बेअरिंग. ही बेअरिंगची टूम ऐंशीच्या दशकात स्वीडनमधून आली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम कून नावाच्या दंतवैद्याने ती नावारूपाला आणली. दांडी झिजली की काढून नवी बसवता येईल असा यो-यो त्यांनीच १९७८मध्ये बनवला होता. झिजलं की उपटा आणि नवं बसवा, ही कल्पना दंतवैद्यालाच सुचणार.

मालकांनी यो-यो फेकला. तळाला जाऊन तो आवाज न करता फिरत राहिला. अर्धा मिनिट गेलं, मिनिट गेलं. दोन गिऱ्हाइकं येऊन पतंग घेऊन गेली.

“छान आहे,” मी म्हटलं. “आता वर आणा.”

“हा वर येत नाही साहेब.”

“म्हणजे?”

“बेअरिंग आहे ना. कितीही हिसका द्या, दोरी धरतच नाही. वर आणायला दोरीचा एक खास वळसा घालावा लागतो, तो शिकायला पोरांना महिनाभर लागतो. आपोआप वर येणारा हवा असेल तर तो बघा, तिथे प्लॅस्टिकचा. साठ रुपये.”

“म्हणजे साठ रुपयांचा परत येतो आणि अडीच हजारांचा येत नाही?”

“साठवाला लहान मुलांचा, साहेब. मोठ्या स्पर्धेत परत येणारा कोण वापरतो?”

मी साठवाला घेतला. तिथेच बोटात अडकवून एकदा खाली सोडला, मनगटाने हळूच ओढला आणि तो मुकाट्याने हातात आला. मालक बिलावर शिक्का मारत होते. शिक्क्यात लिहिलं होतं, ‘एकदा गेलेला माल परत येणार नाही.’